सावत्र पालक विभक्त झाल्यास मुलांच्या पोटगीची जबाबदारी कोणाची?

यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुक्यात, तेलंगणा राज्याच्या सीमेजवळ मुकुटबन हे गाव वसलेले आहे. शेतीबरोबरच कोळसा आणि सिमेंट या उद्योगांनी या परिसराचे रूप पालटले. कामधंद्याच्या निमित्ताने दूरची माणसे येथे येतात, काही स्थायिक होतात, काही पुन्हा निघून जातात. अशा ठिकाणी कुटुंबे नव्याने जुळतात, तशी ती दुरावतातही. पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह करणारी माता, पत्नीच्या पश्चात दुसरा विवाह करणारा पिता आणि त्यांच्याबरोबर नव्या घरात येणारी पहिल्या विवाहाची मुले, हे चित्र आज कोणत्याही धर्मग्रामात अपरिचित राहिलेले नाही.

असा दुसरा विवाह सुखाने टिकला, तर प्रश्न उद्भवत नाही. परंतु तो मोडला आणि पतिपत्नी वेगळे झाले, तर पहिल्या विवाहाच्या मुलाचे काय? ज्या सावत्र वडिलांनी चार-पाच वर्षे त्याला जेवू घातले, शाळेत पोहोचवले, त्यांच्यावर विभक्त झाल्यानंतरही त्याच्या पालनपोषणाचे बंधन राहते काय? अनेक जण या प्रश्नाचे उत्तर 'अर्थातच राहते' असे गृहीत धरतात. काही जण 'मुळीच नाही' असे सांगतात. कायद्याचे उत्तर या दोहोंच्या मधले आहे. ते समजून घेणे मुलांच्या हिताचे असल्याने त्याची मांडणी पुढे केली आहे.

मूळ नियम

भारतीय कायद्यात मुलाच्या पालनपोषणाची पहिली जबाबदारी जन्मदात्या अथवा दत्तक घेणाऱ्या मातापित्यांवर आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हा यासंबंधीचा सर्वांत परिचित आधार होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली असून जुन्या कलम १२५ मधील तरतूद आता नव्या संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. हे कलम सर्व धर्मीयांना सारखेच लागू होते.

पुरेसे साधन असलेली व्यक्ती आपल्या औरस किंवा अनौरस अल्पवयीन मुलाचे पालनपोषण करण्याचे टाळत असेल, तर दंडाधिकारी तिला दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतात. मूल सज्ञान झाले, तरी शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे ते स्वतःचा निर्वाह करू शकत नसल्यास हा हक्क चालू राहतो. यास अपवाद केवळ विवाहित कन्येचा आहे. पूर्वी पोटगीच्या रकमेवर कायद्यानेच कमाल मर्यादा घातलेली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा उठली. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लागावा, अशीही तरतूद त्याच दुरुस्तीने झाली.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आईने पुनर्विवाह केला म्हणून जन्मदात्या पित्याची मुलाविषयीची जबाबदारी संपत नाही. घटस्फोटित पत्नीचा स्वतःच्या पोटगीचा हक्क पुनर्विवाहानंतर थांबतो. मुलाचा हक्क थांबत नाही. 'आता तिचा नवा नवरा पाहील' हे उत्तर कायद्याला मान्य नाही. दुसरी, कलमातील शब्द 'आपले मूल' असे आहेत. त्यात 'सावत्र मूल' हा शब्द नाही.

'सावत्र' हा शब्द कायद्यात कोठे आहे?

मराठीत 'सावत्रपणा' हा शब्दच पक्षपाताचा समानार्थी होऊन बसला आहे. कायद्याची भूमिका मात्र भावनेची नसून शब्दांची आहे. जेथे विधिमंडळाने सावत्र नात्याचा उल्लेख केला, तेथे ते नाते मोजले जाते; जेथे केला नाही, तेथे न्यायालये सहसा तो आपल्या पदरचा घालत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'कीर्तिकांत वडोदरिया विरुद्ध गुजरात राज्य' या प्रकरणात कलम १२५ मधील 'माता' या शब्दाचा विचार केला. माता आणि सावत्र माता ही दोन भिन्न नाती आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तथापि सावत्र मातेस स्वतःचे अपत्य नसेल आणि ती विधवा असेल किंवा तिचा पती तिला पोसण्यास असमर्थ असेल, तर ती सावत्र पुत्राकडे पोटगी मागू शकते, अशी सवलत न्यायालयाने दिली. 'माता' या शब्दात सावत्र माता आपोआप येत नसेल, तर 'आपले मूल' या शब्दांत सावत्र मूल आपोआप येते असे म्हणणे कठीण आहे.

याउलट ज्येष्ठ नागरिकांसाठी झालेल्या २००७ च्या निर्वाह व कल्याण अधिनियमात 'पालक' या शब्दाच्या व्याख्येत सावत्र पिता व सावत्र माता यांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे वृद्धापकाळी आधार मागण्यासाठी सावत्र नाते कायद्याच्या व्याख्येत आले. परंतु अल्पवयीन सावत्र मुलाला पोटगीसाठी तशी व्याख्या सर्वसाधारण कायद्यात मिळालेली नाही. ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

एक महत्त्वाचा अपवाद मात्र आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यातील 'मूल' या शब्दाच्या व्याख्येत १८ वर्षांखालील दत्तक, सावत्र तसेच सांभाळासाठी घेतलेले मूलही येते. कलम २० नुसार दंडाधिकारी पीडित महिलेला आणि तिच्या मुलांना निर्वाहाची रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतात. पहिल्या विवाहाचे मूल हे त्या महिलेचे मूल आहेच. त्यामुळे सावत्र वडिलांकडून अशा मुलासाठी खर्च मागण्याचा मार्ग या कायद्यात उपलब्ध होतो.

अट एवढीच की, कौटुंबिक हिंसाचार घडला आहे हे दाखवावे लागते. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. घरखर्चाला पैसे न देणे, ज्या साधनांवर पत्नीचा व मुलांचा हक्क आहे ती हिरावून घेणे, हाही या कायद्यानुसार आर्थिक छळ होय. हा मार्ग महिलेसाठी आहे. सावत्र आईपासून विभक्त झालेला पिता आपल्या मुलासाठी या कायद्याचा आधार घेऊ शकत नाही.

ख्रिस्ती विवाह आणि घटस्फोट अधिनियम

ख्रिस्ती दाम्पत्याची न्यायिक विभक्तता व घटस्फोट यांसाठी १८६९ चा घटस्फोट अधिनियम लागू आहे. २००१ साली त्यात मोठी दुरुस्ती होऊन त्याच्या नावातील 'भारतीय' हा शब्द वगळण्यात आला. पत्नीच्या पोटगीची तरतूद कलम ३६ व ३७ मध्ये, तर मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांची तरतूद कलम ४१ ते ४४ मध्ये आहे. दावा चालू असताना मुलांच्या पालनपोषणासाठी केलेला अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे २००१ च्या दुरुस्तीने सांगितले आहे.

परंतु या कलमांत कोणती मुले अभिप्रेत आहेत? ज्यांच्या मातापित्यांचा विवाह हा त्या दाव्याचा विषय आहे, अशी मुले. दुसरा विवाह मोडत असेल, तर पहिल्या विवाहाच्या मुलाच्या मातापित्यांचा विवाह हा त्या दाव्याचा विषय नसतो. म्हणून दुसऱ्या विवाहातून जन्मलेल्या मुलासाठी न्यायालय या कलमांखाली आदेश देऊ शकते. त्याच घरात वाढलेल्या सावत्र मुलासाठी ही कलमे सरळ लागू पडत नाहीत.

कॅथोलिक कुटुंबांसाठी आणखी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. ख्रिस्तसभेच्या विवाह न्यायालयाने पहिला विवाह रद्दबातल असल्याचे घोषित केले, म्हणून तो मुलकी कायद्यात संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'मॉली जोसेफ विरुद्ध जॉर्ज सेबॅस्टियन' या प्रकरणात ही भूमिका घेतली. ख्रिस्तसभेच्या न्यायालयांच्या निर्णयांना मुलकी मान्यता मिळावी, यासाठी केलेली याचिकाही २०१७ साली फेटाळण्यात आली. मुलकी न्यायालयाचा हुकूमनामा न घेता केलेला दुसरा विवाह कायद्याच्या दृष्टीने टिकत नाही आणि विभक्त होण्याची वेळ आली की पत्नीचे हक्क अडचणीत येतात. मुलाचा जन्मदात्याकडील हक्क मात्र अशा वेळीही अबाधित राहतो, कारण कलम १४४ औरस व अनौरस असा भेद करीत नाही.

एकाच ताटातली दोन मुले

कायद्याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका भगिनीचा पती निवर्तला. पदरी सात वर्षांची कन्या आहे. तिने धर्मग्रामात विधिवत पुनर्विवाह केला. दुसऱ्या विवाहातून तिला एक पुत्र झाला. काही वर्षांनी दुसरा पती घर सोडून गेला. अशा स्थितीत दोन्ही मुले एकाच ताटात जेवणारी असली, तरी त्यांचे हक्क सारखे नाहीत.

पुत्र हा त्या पित्याचे स्वतःचे अपत्य असल्याने त्याची पोटगी पित्याकडून पूर्णपणे मागता येईल. पत्नीलाही स्वतःसाठी पोटगी मागता येईल. कन्येसाठी मात्र कलम १४४ खाली किंवा घटस्फोट अधिनियमाखाली सावत्र पित्याकडून रक्कम मिळवणे कठीण आहे. पतीने घरखर्च रोखून आर्थिक छळ केला असेल, तर २००५ च्या कायद्याखाली तिच्यासाठीही अर्ज करता येईल. पित्याने तिला रीतसर दत्तक घेतले असेल, तर मात्र भेद उरत नाही. ती त्याचीच कन्या ठरते.

या कन्येचा आणखी एक हक्क अनेकदा विस्मरणात जातो. तिचे दिवंगत वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ख्रिस्ती व्यक्तीच्या मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा विधवेला आणि दोन तृतीयांश वाटा अपत्यांना मिळतो. एकच अपत्य असेल, तर ते दोन तृतीयांश सर्वस्वी त्याचे. आईच्या पुनर्विवाहाने हा वाटा कमी होत नाही. शेतीचा तुकडा असो, भविष्य निर्वाह निधीची रक्कम असो वा नुकसानभरपाई असो, मुलाच्या हिश्शाची कागदपत्रे वेळीच वेगळी काढून ठेवणे ही पुनर्विवाहापूर्वीची पहिली खबरदारी होय.

उलटपक्षी, सावत्र पिता मृत्युपत्र न करता निवर्तला, तर त्याच्या मालमत्तेत सावत्र मुलाला याच अधिनियमानुसार वाटा मिळत नाही. वारसा रक्ताच्या वंशजांकडे जातो. ज्यांना सावत्र मुलाला काही द्यावयाचे आहे, त्यांनी मृत्युपत्र करणे अगत्याचे आहे.

झरी-जामणीच्या मातांचा प्रश्न

मुलांच्या पोटगीविषयी लिहिताना या तालुक्यातील एक जुने दुःख टाळून पुढे जाता येत नाही. झरी-जामणी आणि आसपासच्या आदिवासी वस्त्यांतील, विशेषतः कोलाम समाजातील, अविवाहित मातांचा प्रश्न वृत्तपत्रांतून वारंवार पुढे आला आहे. कामाच्या निमित्ताने आलेल्या पुरुषांनी विवाहाचे आमिष दाखवून तरुणींना फसवले आणि मूल पदरी पडताच ते निघून गेले, अशा तक्रारींतून हा प्रश्न निर्माण झाला.

या मुलांच्या बाबतीत कायदा निःसंदिग्ध आहे. विवाह झाला नसला, तरी जन्मदाता पिता अनौरस मुलाच्या पालनपोषणास बांधील आहे. पुढे त्या मातेचा कोणाशी विवाह झाला, तर नवा पती त्या मुलाला आपले नाव देऊ शकतो; परंतु त्यामुळे जन्मदाता मोकळा होत नाही. तो सीमेपलीकडे तेलंगणात निघून गेला असेल, तरी आदेश निरुपयोगी ठरत नाही. पोटगीचा आदेश ज्याच्याविरुद्ध आहे ती व्यक्ती जेथे असेल, तेथील दंडाधिकारी तो अंमलात आणू शकतात. नव्या संहितेच्या कलम १४७ मध्ये ही तरतूद आहे.

पितृत्वाचा प्रश्न

'हे मूल माझे नाही' असा बचाव पोटगीच्या दाव्यात अनेकदा घेतला जातो. विवाह कायम असताना जन्मलेले मूल पतीचेच मानावे, असे पुराव्याच्या कायद्याचे गृहीतक आहे. जुन्या कायद्यात ते कलम ११२ मध्ये होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ते कलम ११६ मध्ये आहे.

विदर्भातीलच एका दाम्पत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतील डीएनए चाचणीने पती हा मुलीचा जैविक पिता नसल्याचे दिसून आले होते. वैज्ञानिक पुरावा आणि कायद्याचे गृहीतक यांत विरोध आला, तर विज्ञानाने सिद्ध झालेले सत्य स्वीकारावे लागेल, असे सांगून न्यायालयाने मुलीच्या पोटगीचे बंधन दूर केले. मात्र तोवर दिलेली रक्कम परत घेण्यास मनाई केली.

तथापि मागेल त्याला अशी चाचणी मिळते, असा याचा अर्थ नाही. पुण्यातील एका दाम्पत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बजावले की, पतिपत्नींच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी सरसकट करू नये. मुलालाही खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा हक्क आहे.

ज्या पुरुषाने दुसऱ्याचे मूल आहे हे जाणूनच विवाह केला, त्याच्या बाबतीत पितृत्वाचा वाद नसतो. तेथे प्रश्न असतो तो स्वेच्छेने स्वीकारलेल्या जबाबदारीचा. ती जबाबदारी कायद्याने बंधनकारक करण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

जबाबदारी पक्की करण्याचे मार्ग

दत्तकविधान. पूर्वी ख्रिस्ती दाम्पत्याला दत्तक घेण्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. १८९० च्या कायद्याखाली पालक म्हणून नेमणूक मिळवावी लागे. बाल न्याय कायद्याने हे चित्र बदलले. या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली 'शबनम हाश्मी' प्रकरणात स्पष्ट केले. सावत्र पालकाने दत्तक घेण्याची स्वतंत्र पद्धत केंद्र शासनाच्या दत्तक विनियमांत दिलेली आहे. पतिपत्नीने केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या प्रणालीवर नोंदणी करावयाची असते. जन्मदाता पिता हयात असेल, तर त्याची संमती लागते. मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात चालू असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

दत्तकविधानाचा परिणाम कायमचा असतो. दत्तक घेणारा पिता पुढे पत्नीपासून विभक्त झाला, तरी मुलाचा पिता राहतो. त्याचबरोबर जन्मदात्या पित्याशी असलेले कायदेशीर नाते तुटते आणि त्याच्याकडून पोटगी मागण्याचा मार्गही बंद होतो. म्हणून जन्मदाता पिता नियमित रक्कम देत असेल, तर हा निर्णय सर्व बाजूंचा विचार करूनच घ्यावा. दत्तकापूर्वी मुलाच्या नावे आलेली मालमत्ता मात्र मुलाचीच राहते.

पालक म्हणून नेमणूक. पालक व पाल्य अधिनियम, १८९० नुसार न्यायालय सावत्र पित्यास मुलाचा पालक नेमू शकते. असा पालक मुलाचा निर्वाह, आरोग्य आणि शिक्षण यांकडे पाहण्यास बांधील असतो. ही जबाबदारी मूल १८ वर्षांचे होईपर्यंत टिकते आणि न्यायालय पालकास दूरही करू शकते. त्यामुळे दत्तकाइतका हा आधार भक्कम नाही.

संमतीने लिहिलेल्या अटी. परस्पर संमतीने विभक्त होताना सावत्र पिता मुलाच्या शिक्षणासाठी ठरावीक रक्कम देण्याचे लेखी मान्य करू शकतो. ही अट न्यायालयाच्या हुकूमनाम्यात नोंदवली गेली, तर तिला बळ येते. नातेवाइकांच्या बैठकीत दिलेला तोंडी शब्द पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

शाळेच्या दाखल्यावरील नाव. सावत्र पित्याचे नाव व आडनाव शाळेत लावले की तो कायद्याने पिता झाला, असा समज आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये एका प्रकरणात, पुनर्विवाह केलेल्या मातेला मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार मान्य केला. परंतु आडनाव लावणे आणि दत्तक घेणे या भिन्न गोष्टी आहेत. केवळ नावाने पोटगीचा हक्क निर्माण होत नाही.

घरात असताना

विभक्त होण्यापूर्वी, मूल प्रत्यक्ष आपल्या ताब्यात असताना, सावत्र पालकास हात झटकता येत नाहीत. मुलाची प्रत्यक्ष जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याने त्याची हेतुपुरस्सर उपेक्षा केली, छळ केला किंवा त्याला टाकून दिले आणि त्यामुळे मुलास विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होण्याचा संभव असला, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सख्खे-सावत्र असा भेद हे कलम ताब्याच्या बाबतीत करीत नाही.

इतर देशांत

इतर काही देशांनी या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले आहे. इंग्लंडमध्ये घटस्फोटाच्या वेळी 'कुटुंबातील मूल' ही संकल्पना वापरली जाते. पतिपत्नींनी ज्याला आपल्या कुटुंबातील मूल म्हणून वागवले, त्याच्यासाठीही न्यायालय खर्चाचा आदेश देऊ शकते. मात्र त्या व्यक्तीने जबाबदारी कितपत व किती काळ स्वीकारली होती, मूल आपले नाही हे तिला ठाऊक होते काय आणि अन्य कोणी त्या मुलासाठी बांधील आहे काय, हे पाहिले जाते. कॅनडाच्या घटस्फोट कायद्यात मातापित्याच्या जागी उभी राहिलेली व्यक्ती पोटगीस पात्र धरली जाते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ठरवले की, एकदा पित्याची भूमिका स्वीकारलेल्या सावत्र पित्यास विवाह मोडल्यावर ती एकतर्फी सोडता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनी तेथील कायदा निराळा आहे, हे लक्षात ठेवावे.

ख्रिस्तसभेचा कायदा

१९८३ च्या धर्मसंहितेत मातापित्यांच्या कर्तव्याचा विचार विस्ताराने केलेला आहे. (पौर्वात्य विधींच्या बांधवांसाठी १९९० ची स्वतंत्र संहिता आहे.) कलम ११३६ नुसार अपत्यांचे शारीरिक, सामाजिक, सांस्कृतिक, नैतिक व धार्मिक संगोपन हे मातापित्यांचे अत्यंत गंभीर कर्तव्य आणि आद्य हक्क होय. पतिपत्नी विभक्त झाले, तरी मुलांचा निर्वाह व शिक्षण यांची योग्य व्यवस्था झालीच पाहिजे, असे कलम ११५४ सांगते.

पूर्वीच्या संबंधातून ज्याच्यावर मुलांची नैसर्गिक जबाबदारी आहे, अशा व्यक्तीचा विवाह धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीविना, निकडीचा प्रसंग वगळता, लावता येत नाही. ही तरतूद कलम १०७१ मध्ये आहे. विवाह रद्दबातल ठरवणाऱ्या निर्णयातही मुलांविषयीच्या नैतिक व मुलकी जबाबदाऱ्यांची जाणीव उभय पक्षांना करून द्यावी लागते. २०१५ साली झालेल्या सुधारणेनंतर ही तरतूद कलम १६९१ मध्ये आहे.

सावत्र नात्याला ख्रिस्तसभा परके मानीत नाही. विवाहाने जडलेले सरळ रेषेतील नाते, उदाहरणार्थ सावत्र पिता व सावत्र कन्या, हे कलम १०९२ नुसार विवाहास बाधक आहे. मुलकी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच अपत्य मानले जाते, असे कलम ११० म्हणते. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत जोसेफ यांच्यावरील 'पात्रिस कोर्दे' या पत्रात, पितृत्व हे काळजी घेण्याच्या जबाबदारीतून घडते, हा विचार मांडला. जन्म न देताही पितृत्वाचे कर्तव्य पार पाडता येते, याचा तो पुरुष आदर्श होय. कायदा ज्याची सक्ती करीत नाही, तेही सदसद्विवेकबुद्धी मागू शकते.

अर्ज कोठे व कसा करावा?

पोटगीचा अर्ज कुटुंब न्यायालयात आणि जेथे ते नसेल, तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. पत्नी जेथे राहते तेथेही अर्ज करता येतो. पतीच्या गावी खेटे घालण्याची सक्ती नाही. मुकुटबनच्या रहिवाशांसाठी जिल्हा न्यायालय यवतमाळ येथे, तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूर येथे आहे.

उभय पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात घालून दिला. ते प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेले होते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निर्णयात ठरले. त्यामुळे अर्ज करण्यात दिरंगाई झाली, तर तेवढ्या काळाची रक्कम बुडते. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीसाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येते. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ या मदतक्रमांकांवर दूरध्वनी करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा. जन्मदाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, विवाहाचा दाखला, पहिल्या पतीचा मृत्युदाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, शाळेच्या शुल्काच्या पावत्या आणि औषधोपचाराची देयके जवळ ठेवावीत.

ज्या मुलाचे एक पालक हयात नाहीत किंवा ज्याचे पालक घटस्फोटित आहेत, त्याच्यासाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयामार्फत करावयाचा असतो.

निष्कर्ष

सारांश असा की, जन्मदात्या पालकाची जबाबदारी कायम राहते; सावत्र पालकाची जबाबदारी विवाह मोडल्यावर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातून, दत्तकविधानातून किंवा लेखी अटींतूनच प्रामुख्याने टिकते. विभक्त होण्याच्या दिवशी, मने दुखावलेली असताना, मुलासाठी आधार शोधणे फार उशिराचे ठरते. तो आधार दुसऱ्या विवाहाच्या तयारीतच उभा करावयास हवा. विवाहपूर्व मार्गदर्शनात पुनर्विवाह करणाऱ्यांना धर्मगुरूंनी आणि कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत: मुलाच्या जन्मदात्याकडून मिळणारी पोटगी चालू आहे काय? दिवंगत पालकाच्या मालमत्तेतील मुलाचा हिस्सा नोंदला आहे काय? दत्तकाचा विचार केला आहे काय? मृत्युपत्र केले आहे काय?

प्रस्तुत माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलांचा किंवा विधी सेवा केंद्राचा सल्ला घेऊनच पुढील पाऊल उचलावे.